एका डोळ्याला दिसणारी खोली

बाबांचा डावा डोळा गेला त्या वर्षी मी कर्जतला मेघनाताईंकडे वेबसाइट बनवायला शिकत होते. आमच्या धंद्यात चाळिशी म्हणजे म्हातारपणच, त्यामुळे आता हे लिहून ठेवायला हरकत नाही. आज माझ्या हाताखालची मुलं पडद्यावरचं एखादं चित्र उचलून पुढे आणतात, त्याच्याखाली सावली टाकतात आणि लगेच दुसऱ्या कामाला लागतात. मला सावलीची ती एक ओळ लिहिण्याआधी सावली म्हणजे काय हे शिकावं लागलं. ते मी निम्मं मेघनाताईंकडून शिकले आणि निम्मं बाबांकडून.

लोधिवलीचं आमचं घर जुन्या हायवेपासून फार आत नव्हतं. ट्रकनं एअरब्रेक सोडला की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या. आई पहाटे तांदळाच्या भाकरी थापायची, त्या थापण्याचा आवाज, मग कारखान्याचा भोंगा, मग बाबांच्या बुटांचा आवाज, असा दिवस सुरू व्हायचा. बाबा जवळच्याच एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचे. मालाचे गठ्ठे दोन बोटांच्या फटीतून फळीवर सरकवायचे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. एके दिवशी एका गठ्ठ्याला बांधलेली लोखंडी पट्टी कापताना उसळली आणि डोळ्यात गेली. कारखान्यानं दिलेला चष्मा त्या वेळी त्यांच्या खिशात होता. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणाला बोल लावला नाही. एका डोळ्यानं फोर्कलिफ्ट चालवता येत नाही. कारखान्यानं सांगितलं, सध्या घरी आराम करा, पुढचं कळवतो.

डॉक्टर म्हणाले होते की उजवा डोळा ठणठणीत आहे, हळूहळू सवय होईल. आम्हाला वाटलं, म्हणजे सगळं दिसतंय. बाबा पेपर वाचत होते, लांबून येणाऱ्या माणसाला ओळखत होते. पण चहा ओतायला घेतला की धार कपाच्या बाहेर पडायची. खुंटीवर शर्ट अडकवायला जायचे आणि शर्ट खाली पडायचा. वालाचं बिरडं वाढून घेताना डाव ताटाच्या अलीकडेच रिकामा व्हायचा. आई फडकं फिरवायची. मला मात्र ते मुद्दाम केल्यासारखं वाटायचं. काम गेल्याचा राग ते भांड्यांवर काढतायत, असं मी मनात धरून बसले होते. एका सकाळी माझ्या वहीवर चहा सांडला, कर्जतला जायची घाई होती, आणि मी म्हणाले, "बाबा, जरा बघून ओता ना."

त्यांनी किटली खाली ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतः काही ओतून घेणंच बंद केलं. आईनं भरून दिलेला कप घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. मला ते कळायला बरेच दिवस लागले, आणि कळल्यावरही मी माफी मागितली नाही. आजतागायत मागितलेली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, एवढंच त्याचं कारण देता येईल.

मेघनाताईंचं ऑफिस म्हणजे कर्जतच्या बाजारात वह्यापुस्तकांच्या दुकानावरची एक खोली, तिच्यात चार कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा. ताई पुण्यात नोकरी करून लग्नानंतर कर्जतला आल्या होत्या. बोलायच्या कमी, पण एखादी ओळ चुकली तर पाठीमागे येऊन उभ्या राहायच्या आणि आपली आपल्याला चूक सापडेपर्यंत हलायच्या नाहीत. मला त्यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. सुरुवातीला मी चौकटी आखायचे, त्यांत मजकूर भरायचे, रंग द्यायचे. सगळं सपाट. मग ब्राउझरांना एकामागून एक नव्या गोष्टी यायला लागल्या. चौकटीखाली सावली टाकता येऊ लागली, चौकट तिरकी करता येऊ लागली, आणि पुढे-मागेही सरकवता येऊ लागली. एकच गोष्ट तीन-तीनदा लिहावी लागायची, प्रत्येक ब्राउझरसाठी ओळीआधी त्याची वेगळी खूण जोडून, जणू त्याला आडनावानं हाक मारून. मला एवढा आनंद झाला की मी एका पानावर दिसेल त्या वस्तूला सावली दिली.

ताईंनी ते पान पाहिलं आणि म्हणाल्या, एक डोळा मीट. मी मिटला. पडदा बदलला का, असं त्यांनी विचारलं. नव्हता बदलला. मग त्यांनी समजावलं की समोरच्या वस्तूकडे दोन डोळे थोडं वेगवेगळं बघतात, त्या फरकावरून आपल्याला अंतर कळतं. पडद्यावर तो फरक नसतोच, दोन्ही डोळ्यांना एकच सपाट काच दिसते. म्हणून पडद्यावर खोली दाखवायची तर एकट्या डोळ्याला कळणाऱ्या खुणा वापराव्या लागतात. कोण कुणाला झाकतंय, काय लहान दिसतंय, काय धूसर आहे, सावली कुठं पडलीय. त्यांनी मला सांगितलं की आज दिवसभर एका डोळ्यानं काम कर, म्हणजे तुझ्या सावल्यांत खरं किती आणि नुसती सजावट किती ते कळेल.

मी रुमाल दुमडून डाव्या डोळ्यावर बांधला. पडद्यावरचं काम नेहमीसारखंच चाललं. दुपारी तहान लागली म्हणून जगमधून पेल्यात पाणी ओतायला गेले आणि सगळी धार टेबलावर पडली. पेला समोर होता, नीट दिसत होता, मी बघूनच ओतलं होतं. ताईंनी कीबोर्ड उचलला आणि फडकं आणायला गेल्या. मी तो रिकामा पेला हातात धरून बसून राहिले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई भाकरी करत होती. मी ओढणी डोळ्यावरून बांधली आणि म्हटलं, मी करते. थापलेली भाकरी तव्यावर टाकायला गेले, तर ती निम्मी तव्यावर आणि निम्मी चुलीच्या कडेवर. बोट भाजलं. आई म्हणाली, ही कसली थेरं. बाबा दारात उभे होते. त्यांनी ओढणीकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. आत येऊन माझ्या शेजारी पाटावर बसले. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी चार वाक्यं सलग बोलले.

"हात आधी तव्याच्या कडंला न्यायचा. कड लागली की मग सोडायचं," ते म्हणाले. "आणि डोकं हालव. नुसतं बघत बसलीस तर काय कळायचं नाय. डोकं हालवलंस की जवळचं पळतं, लांबचं थांबतं. किती पळतंय त्यावरनं समजायचं."

त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. घरी बसून, कुणाला न सांगता, भिंतीवरच्या खुंट्यांकडे बघत त्यांनी ते शोधून काढलं होतं. मी तशीच डोकं डावी-उजवीकडे हलवत दुसरी भाकरी टाकली. ती बऱ्यापैकी तव्यावर पडली.

त्याच सुमारास कर्जतजवळच्या कोंडाणे गावातल्या बायकांचं काम आलं. तिथल्या यमुनामावशी आणि त्यांच्या गटातल्या बायका लेणी बघायला येणाऱ्यांना जेवण करून घालायच्या, तांदळाची भाकरी, पिठलं, सांगितलं तर सुकट. माणसं न कळवता यायची आणि न जेवता जायची, नाहीतर चाळीस जणांचं रांधलेलं पडून राहायचं. आधी फोन करून कळवता येईल असं एक पान त्यांना हवं होतं. वर लेण्याचं चित्र हवं होतं, आणि मावशींचं म्हणणं असं की लेणं फोटोत भिंतीसारखं दिसतं, ते आत किती जातं ते दिसतच नाही. ताईंनी ते काम माझ्याकडे दिलं. तीन महिने संपायला काही आठवडेच उरले होते. हे पान बघून तुझं ठरवू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

फोटो काढायला मी बाबांना बरोबर घेतलं. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडची माणसं तिथं जायची, त्यामुळे वाट त्यांच्या पायाखालची होती. आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, कॅमेरा मी धरणार नाय, नुसता चालणार हाय. चढताना त्यांनी काठी घेतली, ओढ्यातल्या दगडांवर पाय ठेवण्याआधी काठी टेकवली, आणि मी हात पुढे केला की तो बघितलाच नाही असं केलं. लेण्यासमोर आल्यावर आधी हात जोडले. मग मी कॅमेरा काढेपर्यंत ते कमानीसमोर उभे राहून सावकाश डावी-उजवीकडे झुलत होते. सहलीला आलेली दोन माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. मला लाज वाटली, मी म्हटलं, बाबा, काय करताय. ते म्हणाले, मोजतोय. सगळ्यांत पुढं झाडाची फांदी, ती सगळ्यांत जास्त पळते. मग खांबांचे मोडके बुंधे. मग कमान, तिच्या आतल्या दगडी फासळ्या, आणि शेवटी अंधारातला स्तूप. "पाच हायत," ते म्हणाले. "स्तूप जवळजवळ हालतच नाय बघ."

मी प्रत्येकाचे वेगळे फोटो काढले. उतरताना झाडांतून ऊन खाली पडलं होतं आणि वाटेवर काळे-पांढरे पट्टे झाले होते. बाबा पुढे होते. एका ठिकाणी त्यांनी पाय उंचावरून टाकल्यासारखा टाकला आणि तोल जाऊन पडले. गुडघा फुटला, तळहात सोलला. मी धावत गेले तर ते त्या जागेकडेच बघत होते. तिथं काहीच नव्हतं, सपाट वाट होती.

"सावली होती," ते म्हणाले. "मला वाटलं पायरी हाय."

ओढ्यावर त्यांनी हात धुतला. परतताना मिनीडोर रिक्षात बसल्यावर आईला गुडघ्याचं सांगू नको म्हणाले, आणि घरी पोचल्याबरोबर आईनं विजारीवरचं रक्त बघितलं.

पुढचे काही आठवडे मी ते लेणं पडद्यावर उभं करत होते. पान कसं दिसावं हे ज्यात लिहितात त्या स्टाइलशीटमध्ये आधी सांगावं लागतं की बघणारा माणूस पडद्यापासून किती लांब उभा आहे. आकडा लहान धरला तर सगळं अंगावर येतं, मोठा धरला तर सपाट होत जातं. मग एकेक थर मागे ढकलायचा, फांदी पुढे, स्तूप पार मागे. पान उभं राहिलं तसं मी एका शनिवारी बाबांना कर्जतला घेऊन आले. ताईंनी त्यांना खुर्ची दिली. बाबा पडद्यासमोर बसले आणि डोकं हलवायला लागले. दोनदा हलवलं, तीनदा हलवलं. मग थांबले.

"हे चित्रच हाय गं," ते म्हणाले.

खरंच होतं ते. माणूस हलला म्हणून पडद्यावरचं काही हलत नव्हतं. मला वाईट वाटलं, पण ताई पुढे आल्या आणि त्यांनी बाबांना विचारलं की काय व्हायला हवं होतं. बाबांनी आपल्या पाच थरांचं सगळं सांगितलं. ताईंनी चार ओळी लिहिल्या, म्हणजे माऊस जिकडे जाईल तिकडे थर सरकतील, आणि कुणी किती सरकायचं ते आकडे मी स्टाइलशीटमध्ये भरले. मग बाबांच्या हातात माऊस दिला. फोर्कलिफ्टचे दांडे धरणारा तो हात माऊसवर केवढा मोठा दिसत होता. त्यांनी तो थोडा उजवीकडे नेला, थोडा डावीकडे नेला, आणि मान पुढे काढून बघत राहिले. आता आत जातंय म्हणाले. मग म्हणाले, पण स्तूप एवढा पळत नाय, कमी कर. मी आकडा कमी केला. आणखी कमी कर. केला. मग त्यांनी खालच्या चौकटींवर बोट ठेवलं आणि विचारलं, इकडं सावली उजवीकडं, तिकडं डावीकडं, दोन सूर्य हायत काय. मी कोंडाण्याची वाट आठवली आणि गुपचूप सगळ्या सावल्या एकाच बाजूला वळवल्या. जिथं वस्तू उचललेलीच नव्हती तिथल्या काढून टाकल्या. पानावरच्या निम्म्याहून जास्त सावल्या गेल्या. आजही मी मुलांना हेच सांगते, की खोटी सावली टाकाल तर कुणीतरी पडेल. त्यांना ते बोलण्याची एक तऱ्हा वाटते.

यमुनामावशी ज्या दिवशी बघायला येणार होत्या त्या सकाळी पान उघडलं तर सगळं सपाट. फांदी, खांब, स्तूप, सगळं एकावर एक चिकटलेलं. आदल्या दिवशी मी चित्राची कड चौकटीबाहेर डोकावते म्हणून बाहेरचं कापून टाकणारी एक ओळ घातली होती, आणि ती ओळ ज्या चौकटीला लावावी तिच्या आतली सगळी खोली मिटून जाते, हे मला ठाऊक नव्हतं. मी दोन तास शोधत होते. मेघनाताई मागे उभ्या होत्या, त्यांना बहुतेक माहीत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. शेवटी मी एकेक ओळ काढून बघायला लागले तेव्हा सापडली. ती काढली आणि लेणं परत आत गेलं. ताई म्हणाल्या, ठीक, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

मावशी आल्या, बरोबर दोन बायका. त्या दिवशी बाबाही मुद्दाम आले होते, आईनं धुऊन दिलेला पांढरा शर्ट घालून. मावशींनी माऊस हातात घेतला, लेणं हललं, त्या हसल्या आणि दोघींना बघा बघा म्हणाल्या. खूप वेळ त्या तिघी आत-बाहेर करत होत्या. मग मावशींनी माऊस खाली ठेवला आणि विचारलं, "सगळं झ्याक हाय. पन फोन कुटं करायचा?"

फोन नंबर मी कमानीच्या मागे ठेवला होता. माऊस अगदी एका टोकाला नेला की तो फासळ्यांमागून बाहेर यायचा. मला ते फार सुंदर वाटलं होतं. मावशींना तो सापडला नाही, दुसऱ्या बाईलाही सापडला नाही. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी तिथंच बसून नंबर बाहेर काढला, सगळ्यांत पुढे आणला, मोठ्या अक्षरांत, खाली एकच हलकी सावली. जेवणाची यादी त्याच्याशेजारी आली. जुन्या ब्राउझरमध्ये हे सगळं सपाट दिसेल, तेव्हाही नंबर दिसतोय ना, एवढं ताईंनी शेजारच्या कॉम्प्युटरवर तपासलं. मग त्या मला म्हणाल्या, सोमवारपासून किल्ली तुझ्याकडे ठेव, मला सकाळी उशीर होतो. मला ठेवून घेतल्याचं त्यांनी या शब्दांत सांगितलं.

परत येताना आम्ही हायवेला उतरलो तेव्हा दिवस अजून होता. आमचं घर पलीकडच्या बाजूला. डोळा गेल्यापासून बाबा तो रस्ता एकटे ओलांडत नसत. आई किंवा मी त्यांचं मनगट धरायचो आणि ते मान खाली घालून येऊ द्यायचे. मी नेहमीसारखा हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि थांब म्हणाले. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते डोकं हलवत होते, कोंडाण्याला कमानीसमोर हलवत होते तसं. एक टँकर गेला. मागून दोन ट्रक गेले. एक कार लांब होती, मला वाटलं आता जाता येईल, पण ते थांबले आणि ती आमच्यासमोरून भरकन निघून गेली. मग ते चल म्हणाले आणि स्वतः पुढे झाले. मी त्यांच्या मागून गेले.

घरी आईनं भात, आमटी आणि भाजलेला बोंबील केला होता. तिघंही जेवायला बसलो. मावशींचं, किल्लीचं, सगळं मी सांगितलं. आई ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर बाबा म्हणाले की कारखान्याचं पत्र आलंय. स्टोअरमध्ये बसायचं काम देतायत, आलेल्या मालाची नोंद करायची. पत्र येऊन महिना होत आला होता. इतके दिवस मी बोललो नाय, असं ते आईकडे न बघता म्हणाले.

"ठाऊक हाय," आई म्हणाली. "पेटीत तुमच्या स्वेटरखाली हाय ते. आलं त्या दिवशीच मी शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतलं."

बाबांनी मान वर केली. "मंग बोलली का नायस?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले."

बाबांनी आमटीचं भांडं स्वतःकडे ओढलं, डावाची कड ताटाच्या कडेला टेकवली, भातावर आमटी घेतली आणि कालवायला लागले. पहिला घास घेतल्यावर म्हणाले, "सोमवारी डबा लागंल."